मॅडमना कळता कामा नये

माणसाने कुणाचे आभार मानायचे असतील तर ते जागच्या जागी मानून मोकळं व्हावं. रीतसर मानायला जाऊ नये. मी गेलो. परिणामी एका सुरक्षारक्षकाने माझ्यावर संशय घेतला, आयुष्यभर जपलेल्या माझ्या लेखणीची अब्रू गेली, आणि आमच्या जिन्यात अजूनही मी दिसलो की लोक हसू दाबतात. तरीही सांगतो, मला याचा पश्चात्ताप नाही. म्हणजे सुरक्षारक्षकाचा थोडा आहे.

आधी मुलीबद्दल सांगायला हवं. ती विद्यापीठात संख्याशास्त्र शिकत होती. दुसऱ्या वर्षी तिने बोलणं कमी केलं, मग जेवणं, मग वर्गात जाणं. यातलं तिसरं आम्हाला सगळ्यात शेवटी कळलं. एक दिवस ती शिक्षण सोडण्याचा अर्ज घेऊन विद्यापीठाच्या सल्ला केंद्रात गेली, कारण असल्या अर्जावर तिथली सही लागते. तिथल्या मॅडमनी अर्ज नीट वाचला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, "सही देते, पण उद्या. आज एक कर. ज्याची परीक्षा तुला कधीच द्यायची नाहीये, अशा कुठल्याही विषयाच्या वर्गात जा आणि मागच्या बाकावर बसून ये."

मुलगी म्हणाली, वर्गाच्या दाराशी गेलं की मला धडधडतं. तेव्हा मॅडमनी समोरचा डबा तसाच बंद केला, केंद्राला कुलूप लावलं आणि तिच्याबरोबर जाऊन भूगर्भशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या. पूर्ण तास. तो अर्ज दुसऱ्या दिवशी मुलीनेच परत मागून घेतला.

आता ती भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात खिडकीत दगड आहेत, फ्रिजवर दगड आहेत, आणि चपलांच्या कपाटात चपलांना जागा नाही. जेवताना ती दगडांबद्दल बोलते, जेवून झाल्यावर उरलेलं बोलते. मला त्यातलं काही कळत नाही. पण ज्या घरात कित्येक महिने जेवताना फक्त ताटल्या वाजत होत्या, त्या घरात एका खडकाचं वय ऐकताना माझे डोळे भरून येतात. बायको म्हणते, चष्मा बदला.

तर ही मुलगी एके दिवशी घरी आली ती दप्तर आपटतच. "बाबा, मॅडमचं केंद्र बंद करतायत. मॅडमची बदली गोदाम विभागात. त्यांच्या जागी एक मशीन बसवणार म्हणे. पडद्यावर बोट ठेवायचं, अडचण निवडायची, की सल्ला छापून बाहेर."

"आणि धडधडायला लागलं तर मशीन येणार का बरोबर वर्गात?" बायकोने विचारलं. तिला असे थेट प्रश्न पडतात. मला त्या वेळी एवढंच सुचलं की आपण काहीतरी केलं पाहिजे. मला असं सुचलं की आमच्या घरात सगळे सावध होतात.

आमच्या वरच्या मजल्यावर नियमकाका राहतात. विद्यापीठाच्या आस्थापना विभागातून ते निवृत्त झाले, पण विभाग त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. त्यांच्या घराच्या बेलखाली बेल किती वेळ वाजवावी याची सूचना आहे. मी ती पाळून आत गेलो.

"एक उपाय आहे," काका डोळे मिटून म्हणाले. "उत्कृष्ट सल्लागार पुरस्कार. दर वर्षी जाहीर होतो, कुणी शिफारसच करत नाही म्हणून दर वर्षी राहून जातो. ज्याला मिळेल त्याचं केंद्र तीन वर्षं हलवता किंवा बंद करता येत नाही. हा नियम मी स्वतः टाइप केलेला आहे."

"मग मी करतो की शिफारस!"

"करा. कुणीही करू शकतं. फक्त मजकुरात नाव नको, हुद्दा नको, ओळख पटेल असं काही नको. नाव वेगळ्या बंद पाकिटात. आणि मुख्य म्हणजे," इथे काकांनी डोळे उघडले, "ज्यांची शिफारस, त्यांना ती कळता कामा नये. कळलं की बाद."

मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. कारण लिहिणं हा माझा प्रांत. मी पाणीपुरवठा खात्यात आहे आणि आमच्या कचेरीत माझ्या मसुद्यांना मान आहे. 'नळास पाणी न येण्याबाबत' या विषयावर माझ्याइतकं हृदयस्पर्शी कुणी लिहिलेलं नाही, असं आमचे मागचे साहेब निरोप समारंभात म्हणाले होते. ते हसत का होते ते मला तेव्हाही कळलं नाही.

रविवारी मसुदा बैठकीच्या खोलीत वाचून दाखवला. समोरच्या वहिनी वाटी परत करायला आल्या होत्या, त्या वाटी हातात धरून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. "भावोजी, छान आहे, पण रडू नाही आलं," त्या म्हणाल्या. "वाचणारा रडला पाहिजे. थोडं वाढवा." मी वाढवलं. नियमकाका म्हणाले, "साधं क्रियापद समितीला हलकं वाटतं. जड वापरा." मी जड वापरलं. शेवटी मुलीची ती साधी गोष्ट मजकुरात अशी उतरली: 'सदर व्यक्तीने एका भयग्रस्त विद्यार्थिनीस स्वतः सोबत करून अध्ययनकक्षात आसनस्थ केले व तदनंतर स्वतःही आसनस्थ झाल्या.' बायको म्हणाली, "यातलं आपल्या पोरीचं कुठलं?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. घरच्यांना मसुद्यातलं कळत नाही.

रजा टाकून विद्यापीठात गेलो. आस्थापना विभागाच्या खिडकीतल्या गृहस्थांनी माझा कागद हातात न घेताच सांगितलं, "हा कागद चालत नाही."

"मग कुठला चालतो?"

"ते इथे नाही सांगता येणार. सल्ला केंद्रात विचारा. मॅडम सांगतील."

मी दचकलो. तिथून शेजारच्या खिडकीत गेलो. तिथल्या बाई फार सज्जन. माझं सगळं ऐकून घेतलं, माझ्या अक्षराचं कौतुकही केलं आणि म्हणाल्या, "असं करा, कोपऱ्यावर सल्ला केंद्र आहे. मॅडमना विचारा." परीक्षा विभागात मी चौकशीसाठी तोंड उघडलं एवढंच, तर तिथल्या शिपायाने न बोलता बोटानेच कोपऱ्याकडे दाखवलं. ज्या एका माणसाला कळता कामा नये, नेमका त्याच माणसाचा पत्ता अख्खं विद्यापीठ मला देत होतं. आजवर मी अनेक कचेऱ्यांतून अनेक खिडक्यांकडे पाठवला गेलो आहे, त्यात नवीन काही नाही. पण इतकी एकवाक्यता मी कुठेच पाहिली नाही.

त्यात फोटोचं निघालं. बंद पाकिटात नावाबरोबर 'अलीकडील छायाचित्र' लागतं, असं फलकावर लिहिलेलं होतं. आता कळू न देता फोटो काढायचा कसा? वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "लांबून काढा. दुसऱ्याच कशाचा तरी काढताय असं दाखवा. आमचे हे मला बघायला आले तेव्हा त्यांनी असाच काढला होता." हा सल्ला मला पटला, याचं मला आता नवल वाटतं.

सल्ला केंद्र म्हणजे वऱ्हांड्याच्या टोकाला, पाणी पिण्याच्या कूलरशेजारी एक अरुंद खोली. दार उघडंच होतं. मॅडम खाली मान घालून कुणाचं तरी ऐकत होत्या. मी खांबाआडून मोबाइल काढला, हात लांब केला, आणि कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काय चाललंय?" सुरक्षारक्षक.

"सूचना फलकाचा फोटो काढतोय," मी म्हणालो.

"फलक तुमच्या पाठीमागे आहे."

माझ्या केसांचा रंग, माझी इस्त्री केलेली पँट, माझ्या खिशाला लावलेलं पेन, यातल्या कशाचाही त्या माणसावर परिणाम झाला नाही. त्याने मला नखशिखांत पाहिलं. मग अचानक त्याचा चेहरा मवाळ झाला. "मुलाचं काही आहे का? नापास झालाय? काका, घाबरू नका. पालक असे खांबाआड उभे राहतात, आम्हाला सवय आहे." आणि आतला विद्यार्थी उठून बाहेर पडताच, मी नाही नाही म्हणत असताना त्याने मला दंडाला धरून, अगदी प्रेमाने, थेट मॅडमसमोरच्या खुर्चीत नेऊन बसवलं.

ती खोली मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. खुर्ची अशी ठेवलेली की रडणाऱ्याची पाठ दाराकडे असावी. घड्याळ मॅडमच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे आलेल्याला वेळ दिसते, त्यांना दिसत नाही. टेबलावर पाण्याचा ग्लास, आधीच भरलेला.

"बोला," त्या म्हणाल्या. "घाई नाहीये."

मला ह्या दोन शब्दांनी भडभडून आलं. एवढ्या खिडक्या हिंडल्यावर मला घाई नाहीये असं कुणी म्हटलंच नव्हतं. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांची मला पुरस्कारासाठी शिफारस करायची आहे. उत्कृष्ट सल्लागार."

"अरे वा!" मॅडम इतक्या खुलल्या की मला खाली बघावं लागलं. "कुणीतरी करतंय म्हणजे! कोण हो त्या?" मग लगेच हात वर करून म्हणाल्या, "नको, नको, सांगू नका. नाव कळायला नको. मसुदा आणलाय? बघू."

मी काय करणार होतो? नाही म्हटलं असतं तर संशय, दिला तर धोका. पण मजकुरात नाव नव्हतं, हुद्दा नव्हता, आणि वहिनींच्या व काकांच्या कृपेने त्यात माणूसच शिल्लक नव्हता. मी दिला.

"कागद वेगळा लागतो, तो मी देते," त्या म्हणाल्या. "फोटो तुम्ही कशाला आणताय? ओळखपत्रावरचा आस्थापनावाले स्वतःच लावतात." तीन खिडक्यांनी केलं नव्हतं ते एका दमात झालं. मग त्यांनी मसुदा वाचायला घेतला आणि पेन्सिल उचलली. माझ्या मसुद्यावर पेन्सिल! आमच्या कचेरीत साहेबसुद्धा विचारून पेन्सिल लावतात.

"'ज्ञानसागरातील दीपस्तंभ'," त्यांनी वाचलं. "या बाई रोज कामावर येतात ना?"

"येतात. वेळेवर."

"मग दीपस्तंभ नको." खोडलं. "'करुणेची मूर्ती'. मूर्ती काही काम करत नाही हो." खोडलं. "'विद्यार्थिवर्गाची माऊली'. विद्यार्थ्यांना घरी आई असते. तिला काय वाटेल?" खोडलं. अशी ती पेन्सिल वरून खाली येत गेली आणि माझ्या छातीवरून गाडी गेल्यासारखं मला होत गेलं. शेवटी ती आसनस्थ झालेल्या वाक्यापाशी थांबली. "हे काय आहे?"

"म्हणजे, एक मुलगी वर्गात जायला घाबरत होती. तर त्या बाई तिच्याबरोबर जाऊन वर्गात बसल्या."

आता ओळखणार. आता सगळं बाद.

मॅडमनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "हेही काढा."

"का?"

"यात काय आहे? मुलगी घाबरली होती, त्या गेल्या. कोणीही जाईल. समितीला वाटेल, यांच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नाही." आणि त्यांनी ते वाक्य खोडलं.

कागदावर आता वर 'प्रति' उरलं होतं आणि खाली 'आपला विश्वासू'. मधे निव्वळ पेन्सिल. दीपस्तंभ गेला त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हे वाक्य गेलं तेव्हा मात्र मी उठून उभाच राहिलो.

"मॅडम, हे मी काढणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज मोठा झाला होता; दारातून सुरक्षारक्षक डोकावला. "बाकी सगळं घ्या. पण हे राहणार. तुम्हाला काय माहीत कोणीही जातं म्हणून? कोणीही गेलं नव्हतं. आम्हीसुद्धा नव्हतो गेलो. त्या एकट्या गेल्या."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग रबर काढून त्यांनी खोडलेली रेघ पुसली. "बरं, राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "पण साध्या शब्दांत लिहा. आणि समिती हसली तर मला नावं ठेवू नका." मी तिथेच बसून, त्यांनी दिलेल्या कागदावर, आयुष्यात पहिल्यांदा एकही विशेषण न वापरता मसुदा लिहिला. पाव पान झाला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "आता बरं वाटतंय. चांगल्या दिसतायत या बाई."

पुढे समितीने शिफारस करणाऱ्याला, म्हणजे मला, बोलावलं. नियमकाकांनी माझी रंगीत तालीम घेतली, वहिनींनी जाताना रुमाल दिला, समितीसाठी. लांब टेबलामागे अध्यक्ष होते, पांढऱ्या भुवयांचे जुने प्राध्यापक. शेजारी दोन सदस्य आणि कोपऱ्यात टिपणं घेणारा सचिव. त्यांनी मजकूर वाचलेला होता, पाकीट उघडलेलं होतं. अध्यक्ष खूश दिसत होते.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा शिफारस आली, आणि तीही योग्य कागदावर," ते म्हणाले. "मजकूरही नेटका. तुम्हाला मार्गदर्शन कुणी केलं?"

मी पाणीपुरवठा खात्यातला माणूस. तोंडावर खोटं बोलायची मला सवय नाही. आम्ही ते लेखी करतो. "मॅडमनी," मी म्हणालो.

"कुठल्या मॅडमनी?"

"त्याच."

एक सदस्य म्हणाले, "म्हणजे त्यांना माहीत आहे! बाद!"

"नाही हो! त्यांनी वाचलं, त्यातलं बरंचसं खोडलं, पण त्यांना माहीत नाही!" हे मी जितक्या पोटतिडकीने सांगत होतो तितकं ते जास्त खोटं वाटत होतं, हे मलाही कळत होतं. माझ्यामुळेच आता केंद्राला टाळं लागणार, मुलीला घरी जाऊन काय सांगू, या विचाराने मला घाम फुटला. समितीसाठी दिलेला रुमाल मीच वापरला.

अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक उलटसुलट केलं. "असा प्रसंग यात नाही," ते सचिवाकडे वळले. "अशा वेळी आपण काय करतो?"

"सर, अशा वेळी आपण..." सचिव अडखळला. "मॅडमना विचारतो."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "बोलवा. नाव न घेता विचारू."

मॅडम आल्या. मला बघून ओळखीचं हसल्या, त्यांना वाटलं असणार, माझ्या कागदात काही राहिलं. अध्यक्षांनी घसा साफ केला. "मॅडम, समजा, एखाद्याची शिफारस आहे. आणि ती लिहायला त्यांनीच मदत केली. पण आपलीच आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तर ती ग्राह्य धरावी का?"

मॅडमनी टेबलाच्या कडेला हात ठेवून शांतपणे विचार केला. "नियम म्हणतो, कळता कामा नये. कळलंच नसेल तर ग्राह्य आहे. त्यांनी समितीसमोर तसं सांगितलं की झालं." मग जरा हसल्या. "पण सर, स्वतःबद्दलचं अख्खं वाचून न ओळखणारी बाई जरा भोळीच म्हणायची. अशी कोण असेल?"

अध्यक्ष त्यांच्याकडे बघत होते. सदस्य बघत होते. सचिव लिहायचं सोडून बघत होता. मॅडमनी एकेकाकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे, आणि त्यांचं हसू हळूहळू ओसरलं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "ते तर... त्यात काय विशेष होतं? कोणीही जाईल."

"मॅडम," अध्यक्ष टेबलाकडे बघत म्हणाले, "इतकी वर्षं शिकवलं. मी कधी गेलो नाही." मग सचिवाला म्हणाले, "लिहा. संबंधित व्यक्तीला कल्पना नव्हती, याची समितीला पूर्ण खात्री पटली आहे."

पुरस्कार मिळाला आणि केंद्र राहिलं. ते मशीन गोदाम विभागात ठेवलंय म्हणतात. पण हे नंतरचं. त्या दिवशी मॅडम दारापर्यंत जाऊन परत माझ्यापाशी आल्या. "तुमची मुलगी कुठली?" मी सगळं सांगितलं: संख्याशास्त्र, तो अर्ज, बंद केलेला डबा, भूगर्भशास्त्राचा वर्ग. त्यांनी खूप आठवून पाहिलं. मग अपराध्यासारखा चेहरा करून म्हणाल्या, "खरं सांगू? मला नाही हो आठवत."

इतके दिवस मला जो तो लागेल असं बोलला होता, म्हणून हेही लागेल असं मला वाटलं. पण उलट मला आतून भरून आलं. आमची मुलगी कुणी विशेष होती म्हणून त्या गेल्या नव्हत्या. ती घाबरली होती, म्हणून गेल्या होत्या. तशा आणखी कितीजणांबरोबर गेल्या असतील, आणि ती सगळी पोरं आज कुठल्या ना कुठल्या घरात जेवताना बोलत असतील.

"मॅडम, आमची मुलगी आम्हाला परत मिळाली," मी म्हणालो. "तुमच्यामुळे. तुम्हाला आठवत नसलं तरी आम्ही जन्मभर विसरणार नाही."

त्यांनी जवळची एक खुर्ची माझ्याकडे वळवली, दुसरीवर स्वतः बसल्या. समिती समोर ताटकळत होती, पुढचा विषय घ्यायचा होता, याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. "आता कशी आहे ती?" त्यांनी विचारलं. अध्यक्षांनी सचिवाला हातानेच थांबायची खूण केली आणि पेन खाली ठेवलं.

मग मी सांगायला लागलो.